उसवलेला टाका

लिफ्टच्या जाळीला सुतळीनं कागद बांधला होता: वार्षिक तपासणी चालू, जिन्याने जावे. तिनं जिना धरला. चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना चौथ्या मजल्यावर. कारखाना म्हणजे आपल्या दोन खोल्या, तीन यंत्रं आणि पाण्याच्या पिंपाशेजारी डबे ठेवायची एक फळी. अकरा वर्षं ती तिथं कामाला होती, आणि लिफ्ट बंद असली की जिनाही चढतच होती. पण त्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वर, जिना वळतो आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीचे गंजके नळ दिसतात तिथं, ती थांबली. थांबायचं असं काही ठरवलं नव्हतं. पायच थांबले. मागून काठीची टकटक येत होती. खालच्या दुकानातून काच बदलायला वर पाठवलेले एक म्हातारे गृहस्थ एकेक पायरी हिशेबानं टाकत आले, तिच्या बरोबरीला आले आणि पुढं गेले. दोन पायऱ्या वर जाऊन त्यांनी मागं वळून पाहिलं.

"बसा हो जरा," ते म्हणाले. "लाजायचं काय त्यात? आपल्या वयात असं व्हायचंच."

ती हसली. चौतिसावं सरत होतं तिचं. हसता हसताच छातीत एक ठोका निसटला आणि पुढच्या ठोक्याच्या अंगावर जाऊन पडला, गर्दीत कुणी कुणावर पडावं तसा. मग सगळं नेहमीसारखं झालं. तिनं कठड्याला धरून ठेवलेला हात सोडला. चौथा महिना आहे, तिनं स्वतःला सांगितलं. दोन जिवांच्या बाईला धाप लागणारच. शेजारीण म्हणत होती, तिला तर तिसऱ्यापासूनच लागायची. बस चालवणाऱ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, बसमध्ये रोज पोटुशा बाया चढतात, सगळ्या धापा टाकत चढतात, मी गाडी थांबवूनच ठेवतो. सगळं खरं होतं. तरी त्या सगळ्या खऱ्याच्या मागं एक जुनी गोष्ट उभी होती, दार न वाजवता उभ्या राहणाऱ्या माणसासारखी, आणि ती तिथं आहे हे तिला पाठ वळवूनही कळत होतं. घरात त्या गोष्टीला 'ते वर्ष' म्हणत. 'ते वर्ष' सोडलं तर हिला कधी साधी सर्दी नाही, आई लोकांना सांगायची, आणि 'ते वर्ष' म्हणताना आवाज असा खाली आणायची की ऐकणाऱ्यानं पुढं विचारू नये. आठव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला, वर्ष दीड वर्ष औषधं झाली, बरी झाली. तीन वाक्यं. ती तिनं लग्नाआधी नवऱ्याला सांगितली होती, तो म्हणाला होता, "मग आता?" "आता काही नाही." "झालं तर मग." पण बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी पूर्वीची आजारपणं विचारली तेव्हा ती म्हणाली होती, काही नाही. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आईचा तो खाली आलेला आवाज तिच्या तोंडात राहून गेला होता, एवढंच.

दिवसभर ती काचा घासत राहिली. चाकावर पाण्याची बारीक धार पडते, काचेची कड घासली जाते आणि पांढरा राबडा तबकात साठत जातो. हात काचेवर आणि कान चाकाच्या आवाजावर ठेवायचा. काच चौकटीत बसण्याआधी अर्धा केस जास्त घासली गेली की ती गेलीच, परत वाढवता येत नाही. हे काम तिला आवडायचं. पण आज कान चाकावर राहीना. तो आतल्या आवाजावर जात होता, आणि आत कान लावला की प्रत्येक ठोका संशयित वाटायला लागतो. तिला फोनवाल्या सिस्टर आठवल्या. म्हणजे विसरल्या कधीच नव्हत्या. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा फोन आला होता: लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी रुग्णालयानं एक विभाग सुरू केलाय, वर्षातून एकदा येऊन जायचं, नुसती तपासणी. "बरे झालेल्यांसाठी?" तिनं विचारलं होतं. "हो, ताई. बरे झालेल्यांसाठीच." बऱ्या माणसाचं दवाखान्यात काय काम, असं तिला वाटलं होतं, ज्या घरातून जीव घेऊन निघालो तिथं परत पानसुपारीला कशाला जायचं? ती म्हणाली होती, बघते. तेव्हापासून दर वर्षी, तिचा वाढदिवस होऊन आठवडा गेला की फोन यायचा. "ताई, या वर्षी जमेल का?" "बघते हं." "बघा. नाही जमलं तर पुढच्या वर्षी मी करतेच." बस्स. एकदाही रागावणं नाही, भीती घालणं नाही, 'तुमच्याच भल्याचं सांगतेय' नाही. नऊ फोन. दुकानात गिऱ्हाइकांना दर वर्षी डोळे तपासायचं कार्ड जायचं, तिसऱ्या वर्षी कार्ड पाठवणं बंद व्हायचं. एखाद्या माणसाला नऊ वेळा 'बघते' ऐकून दहाव्यांदा फोन करावासा का वाटतो, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिनं तो नंबर लावला.

"सिस्टर, मी बोलतेय."

पलीकडं खुर्ची सरकली. मग, "बोला ताई. आज तुम्ही?"

"जिना चढताना थांबले मी."

"कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्याच्या वर."

"दुखलं छातीत? पाय सुजतात? आडवं झाल्यावर गुदमरतं?"

"नाही. सिस्टर, मला चौथा महिना आहे."

यावर पलीकडं कागद उलटल्याचा आवाज. "गुरुवारी दुपारी दोनला या. आणि हे बघा, घाबरून येऊ नका. जेवून या."

तो विभाग म्हणजे वेगळी जागा नव्हतीच. सकाळी तिथं लहान मुलांचा बाह्यरुग्ण विभाग चाले. दर गुरुवारी दुपारी त्याच दालनात जुनी मुलं येत. भिंतींवर जिराफ आणि हत्ती, आणि बसायला गुडघ्याएवढ्या पिवळ्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर मोठी माणसं बसली होती. एक साडी नेसलेली बाई, कानात वायर घातलेला एक मुलगा, आणि तिच्या शेजारी झुपकेदार मिशांचा एक दणकट माणूस, गुडघे हनुवटीला लावून, लग्नघरात चुकून मुलांच्या पंगतीला बसलेल्या काकासारखा. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"नवीन दिसता. कितीच्या तुम्ही?"

"म्हणजे?"

"किती वर्षं झाली?"

"सव्वीस."

"अरे बापरे! मी बावीसचा. म्हणजे तुम्ही आम्हाला थोरल्या." त्यानं बसल्या जागी वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि खुर्ची करकरली. "ही मोडली की सिस्टर माझ्याकडून भरून घेणारेत. ट्रक चालवतो मी. केबिनमध्ये राजा, इथं पहिलीत."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, का ते तिला लगेच कळेना. मग कळलं. सव्वीस वर्षं तिला वाटत आलं होतं की त्या वॉर्डातून बाहेर आलेली ती एकटीच. खालच्या आवाजात सांगायच्या गोष्टी अशाच असतात, त्या एकेकाच्याच असतात. आणि इथं हा मिशाळ माणूस भर दुपारी ठणठणीत आवाजात वर्षं सांगत होता, गावाकडून किती किलोमीटर आलो ते सांगावं तसा. तिला वाटलं, आपण या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या पाया पडावं. इतकं काही कारण नव्हतं. पण वाटलं खरं.

डॉक्टरीण तिच्याहून लहान होती, बोटांना शाईचे डाग. फोनवाल्या सिस्टर पन्नाशी केव्हाच ओलांडलेल्या, पुरुषासारखे बारीक कापलेले पांढरे केस, हातात कागद, चेहऱ्यावर फोनवरच्यासारखीच घाई नसलेली शांतता. त्यांनी तिला पलंगावर आडवं केलं, छातीवर गार चिकट औषध लावलं आणि पडदा तिच्या बाजूला वळवला. अंधाऱ्या पडद्यावर तिचं हृदय हलत होतं. त्यातली एक झडप उघडत होती, मिटत होती, उघडत होती. कुणी बघत नसताना घर झाडत राहणाऱ्या बाईसारखं ते आपलं काम करत होतं. आपण याला कधी विचारलं नाही, तिला वाटलं. सव्वीस वर्षांत एकदाही नाही.

"आज चांगलं चाललंय," डॉक्टरीण म्हणाली. "रक्त थोडं कमी आहे तुमचं, धाप त्यानंही लागते. पण मला पुढचं बघायचंय. बाळ वाढेल तसं हृदयाचं काम वाढणार. लहानपणी एक लाल औषध देतात, पिशवीतून. आजार मारतं ते, पण जाता जाता हृदयालाही थोडं चाटून जातं, आणि ते कधी कधी पंचवीस-तीस वर्षांनी कळतं. तुम्हाला ते किती मिळालं त्यावर ठरेल, किती बारीक लक्ष ठेवायचं, बाळंतपण कुठं करायचं. किती मिळालं?"

"लाल होतं," ती म्हणाली. तेवढंच तिला माहीत होतं.

"जुन्या रुग्णालयातले कागद?"

उत्तर सिस्टरांनी दिलं. "ते बंद झालं तेव्हा माणसं इकडे आली, यंत्रं आली. कागद तळघरात होते, पाणी शिरून लगदा झाला."

"घरी कुणाला ठाऊक असेल?"

"आई होती. ती गेली. बाबा आहेत."

"मग विचारा की बाबांना," डॉक्टरीण म्हणाली, जिन्याखालून भाजी आणा म्हणावं इतक्या सहज.

बाबा. बाबा शिंपी. आता तिच्याचकडं राहत होते, खिडकीपाशी यंत्र मांडून. त्र्याहत्तराव्या वर्षी दुकान नव्हतं, पण शेजारपाजारच्या चेना, दुमडायच्या किनारी, उसवलेले खिसे यांना तोटा नव्हता. गळ्यात फीत, कानावर निळी पेन्सिल. बोलणं मोजकं, आणि तेही कापडाबद्दल. त्या वर्षाबद्दल ते तिच्याशी आजवर एक शब्द बोलले नव्हते आणि तिनंही विचारलं नव्हतं. न विचारण्याला तिच्याकडं एक कारण होतं, आणि ते तिनं कुणालाही, आईलासुद्धा, सांगितलं नव्हतं. वॉर्डात एक वेणीवाली सिस्टर होती. कमरेखाली येणारी काळीभोर वेणी. हिच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता आणि ती सिस्टर रात्रपाळीला आली की वाकून वेणी तिच्या हातात द्यायची, धर, आपल्या दोघींची. ती वेणीचं टोक मुठीत धरून झोपायची. आणि मग तो दिवस. लाल पिशवी खांबावर टांगलेली, नळी उलगडलेली, सिस्टर वाकलेली, आणि एकाएकी बाबा, कधीही आवाज न चढवणारे बाबा, ओरडतायत. नळी त्यांच्या मुठीत करकचून धरलेली. सिस्टर मागं सरली, भिंतीला टेकली आणि ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागली. आजूबाजूची सगळी मुलं, सगळ्या आया बघत होत्या. दुसऱ्या दिवशी वेणीवाली सिस्टर आली नाही. त्यानंतरही नाही. एवढंच आठवत होतं, पण ते काचेच्या कडेसारखं स्पष्ट आठवत होतं. बाबांनी आरडाओरडा करून तिला घालवलं. आठ वर्षांच्या मुलीनं हा निकाल दिला आणि पुढं मोठ्या बाईनं तो कधी तपासला नाही. मनातला एक कोपरा बाबांसाठी बंद राहिला. ती त्यांना वेळेवर चहा द्यायची, त्यांच्या चष्म्याच्या काचा स्वतः घासून आणायची, आणि तो कोपरा बंदच.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. खिडकीतून दुपारचं ऊन यंत्राच्या चाकावर पडलं होतं. बाबा एका पडद्याची किनार दुमडत होते.

"बाबा, त्या वर्षी मला लाल औषध किती वेळा दिलं?"

त्यांनी हात थांबवला नाही. दोरा संपेपर्यंत टाके घातले, गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

"कशाला?"

"डॉक्टर विचारतात."

"काही निघालंय?"

"नाही. निघू नये म्हणून विचारतात."

हे उत्तर त्यांना पटलेलं दिसलं. ते उठले, यंत्राची पेटी बाजूला ओढली आणि तिच्या तळाच्या फळीखालून एक लांबोडकी वही काढली. मापवही. अशा वह्या तिनं लहानपणी शेकड्यानं पाहिल्या होत्या. पानाच्या डोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव, खाली उंची, छाती, कंबर, बाही. बाबांनी अंगठा ओला करून पानं उलटली आणि एक पान तिच्यापुढं धरलं. डोक्यावर लिहिलं होतं: बटण. तिला घरात बटण म्हणत, एवढीशी होती म्हणून. खाली तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढं निळ्या पेन्सिलीनं उंची इंचात, वजन किलोत, छाती, मनगट. मनगट! कुठल्या शिंप्यानं कुठल्या झग्यासाठी मुलीचं मनगट दर तीन आठवड्यांनी मोजलं असेल? चार इंच. पावणेचार. साडेतीन. पुन्हा पावणेचार. तिनं नकळत आपल्या डाव्या मनगटाभोवती बोटं गुंडाळली. आणि काही तारखांपुढं, समासात, कागदातूनच घातलेला लाल दोऱ्याचा एकेक टाका. टाक्याशेजारी आकडा: पंचवीस, पंचवीस, चोवीस, तेवीस, चोवीस. ते पान हातात हलकं नव्हतं. तिच्या मनात आलं, हा माणूस बोलत नव्हता असं आपण म्हणत आलो. तो लिहीत बसला होता आणि आपण कधी वाचलं नाही.

तिनं टाके मोजले. सात. पण जागा आठ होत्या, सहाव्या जागी नुसती दोन भोकं होती. दोरा नव्हता. आकडाही नव्हता. तारीख होती, उंची होती, वजन होतं. टाका घालून मग उसवलेला.

"हा का उसवला?"

बाबांनी चष्मा काढून पुसला, जो पुसायची गरज नव्हती. "तिकडंच सांगतो. डॉक्टरांना," ते म्हणाले, आणि पडदा पुन्हा मांडीवर ओढला.

पुढच्या गुरुवारी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले, मापवही वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत. पिवळी खुर्ची त्यांना बेताची झाली. मुळातच अंगानं लहान माणूस. डॉक्टरणीनं वही उघडली आणि ती उभीच राहिली.

"हे आकडे कुठून घेतलेत तुम्ही?"

"पिशवीवर चिठ्ठी असायची," बाबा संकोचून म्हणाले. "नाव नव्हतं वाचता येत. आकडा येतो. उतरवून घ्यायचो. आपल्या माणसाच्या अंगात काय घालतायत ते ठाऊक नको?"

"आणि उंची, वजन?"

"ती सवय."

डॉक्टरीण कागदावर भराभर हिशेब करत होती. औषध अंगाच्या मापानं देतात, तिनं सांगितलं. उंची आणि वजनावरून अंग किती ते काढायचं आणि मग त्याला औषध किती पडलं ते. "प्रत्येक वेळी तीसच येतंय. अहो, बरोब्बर तीस! ही सहावी मात्र? आकडा नाही, दोरा नाही, भोकं आहेत. त्या दिवशी दिलं की नाही?"

बाबांनी मान वर केली. दाराशी सिस्टर उभ्या होत्या, छातीशी कागद धरून. बाबा त्यांच्याकडं बघत राहिले, आधी उगाच, मग डोळे बारीक करून, मग काहीतरी जागेवर बसल्यासारखे. आणि मग त्यांनी पटकन नजर वहीकडं नेली.

"माझी चूक," ते म्हणाले. "मोजण्यात गडबड झाली. टाका जास्तीचा पडला."

ती त्यांच्या शेजारीच बसली होती. बाबांच्या हातून जास्तीचा टाका पडला, हे तिला आज सूर्यच उगवला नाही म्हटल्यासारखं वाटलं.

"बाबा, मला नक्की हवंय," डॉक्टरीण म्हणाली. "त्या दिवशी काही वेगळं झालं असेल, जास्त गेलं असेल, तर हिच्या हृदयाचा सगळा हिशेब बदलतो. आठवून सांगा."

"नाही गेलं. थेंब नाही गेला. माझी चूक म्हटलं ना."

"मास्तर," सिस्टर म्हणाल्या. आवाज तोच, घाई नसलेला, पण आता त्याच्या तळाशी काहीतरी हललं होतं. "पुरे. सव्वीस वर्षं सांभाळलंत, पुरे." त्या पुढं आल्या आणि त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "चूक यांची नव्हती, डॉक्टर. पिशवी माझ्या हातात होती. शेजारच्या पलंगावर चौदा वर्षांचा मुलगा होता, त्याची पिशवी मी हिला लावत होते. दोन पाळ्या सलग झाल्या होत्या माझ्या, पण ते कारण नाही. चिठ्ठीवर बेचाळीस होतं. यांनी बघितलं."

"पंचवीस, चोवीस, तेवीस," बाबा खाली बघून म्हणाले, आता सांगावंच लागतंय म्हणून. "त्यात बेचाळीस कुठून येणार? तीन आठवड्यांत कुणी जवळजवळ दुपटीनं वाढतं? मी म्हटलं, हे माप हिचं नाही. हळूच म्हटलं आधी. ऐकू गेलं नसेल. मग... मग जरा मोठ्यानं झालं. टाका सकाळीच घालून निघायचो मी. घरी येऊन उसवला. औषध तीन दिवसांनी दिलं, बरोबर मापाचं. तो पुढचा टाका."

ती ऐकत होती. तीच खोली, तोच खांब, तीच उलगडलेली नळी. पण कुणी चष्म्याच्या चौकटीत दुसरी काच बसवावी आणि धुरकट दिसणाऱ्याच्या कडा एकेक करत उभ्या राहाव्यात तसं होत होतं. ती मूठ. नळी करकचून धरलेली ती मूठ तिनं सव्वीस वर्षं रागाची म्हणून जपली होती. तिनं बाबांच्या हाताकडं पाहिलं. तर्जनीवर सुयांनी झालेली भोकं, अंगठ्याला कात्रीचा घट्टा. बेचाळीस आणि पंचवीस यांच्या मधे त्या दिवशी एवढंच होतं. एवढा हात.

"पण तुम्ही निघून गेलात," ती सिस्टरांना म्हणाली, आणि आपण आठ वर्षांच्या आवाजात बोलतोय हे तिला ऐकू आलं. "वेणी होती तुम्हाला."

"होती की." सिस्टरांनी आपल्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. "मीच रजेवर गेले. सुई धरली की डोळ्यांपुढं बेचाळीस यायचं. वाटलं, हे काम आपलं नाही. यांनी तक्रार लिहिली असती तर ते ठरूनच गेलं असतं. मी वाट बघत होते तक्रारीची. आठव्या दिवशी दारात हे उभे. म्हणाले, पोरगी झोपत नाही, वेणी मागते, कधी येताय?"

"बाबा गेले होते?"

"गेले होते म्हणजे? चहा न घेता उभेच. मी दुसऱ्या दिवशी कामावर आले. बटण, मी आले तेव्हा तू माझ्याशी बोलली नाहीस दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वेणी धरलीस."

ती परत आली होती, हे तिला आठवतच नव्हतं. आताही आठवेना. तिनं मनात कितीही चाचपलं तरी तिथं काही लागेना. ओरडणं राहिलं, रडणं राहिलं, रिकामी रात्र राहिली. परत येणं मात्र गळून गेलं. माणसाचं मन कसं हे! आजारानं घेतलं ते एकेक मोजून ठेवतं, आणि कुणी आणून दिलं ते कुठंतरी ठेवून विसरतं. मग त्या नऊ फोनांचा आवाज तिला एकामागून एक ऐकू आला. 'नाही जमलं तर पुढच्या वर्षी मी करतेच.' तिनं सिस्टरांचा हात धरला. धरूनच ठेवला, टोकाशी, पूर्वी वेणी धरायची तसा.

"एवढी वर्षं मला नावानं का नाही हाक मारलीत?"

"तुला नको असेल आठवायला, म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांनाच नको असतं. मग मी नुसती विचारते, जमेल का."

डॉक्टरणीनं मधेच नाक शिंकरलं आणि कागद सरळ केला. "सात गुणिले तीस, दोनशे दहा," ती म्हणाली. "मधला गट. कमी नाही, फार नाही. दर दोन महिन्यांनी हृदय बघायचं, बाळंतपण इथंच, हृदयाचे डॉक्टर हाताशी ठेवून. रक्ताच्या गोळ्या आजपासून. आणि तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंना हे सगळं आजच सांगायचं, मी चिठ्ठी देते. नंतरही अधूनमधून यावं लागेल."

"किती दिवस?"

"जन्मभर."

जन्मभर. आठवड्यापूर्वी हा शब्द तिला शिक्षेसारखा ऐकू आला असता. आता तिला लिफ्टच्या जाळीला बांधलेला तो कागद आठवला, चांगली चालणारी लिफ्ट दर वर्षी थांबवून तिच्या तारा चाचपणारी माणसं. बिघडली म्हणून नव्हे. माणसं रोज तिच्या भरवशावर वर जातात म्हणून.

भीती गेली असं नाही. पुढचे पाच महिने ती प्रत्येक जिन्याच्या वळणावर कान देणार होती, हे तिला ठाऊक होतं. पण आता ऐकणारी ती एकटी नव्हती. निघताना सिस्टर पुढची तारीख लिहून देत होत्या. बाहेर ट्रकवाला बाबांना विचारत होता, मास्तर, ही पँट कमरेत सोडून मिळेल का, आणि बाबा त्याच्या शिवणीत किती कापड उरलंय ते गंभीरपणे उलटून बघत होते.

"सिस्टर, फोन कराल ना?"

"आता कशाला? तू येणारच आहेस."

"येणारच आहे," ती म्हणाली. "तरी करा."

शनिवारी दुपारी नवरा पाळीवरून येऊन जेवत होता आणि बाबांनी तिला खिडकीपाशी उभं केलं. तिचे कपडे पोटावर तटतटायला लागले होते. त्यांनी गळ्यातली फीत काढली, तिच्या पाठीमागून फिरवून पुढं आणली. तिनं सवयीनं पोट आत घेतलं.

"श्वास रोखू नकोस," बाबा म्हणाले. "नेहमीचा घे. माप नेहमीच्या श्वासाचं घ्यायचं असतं."

"मी माप देऊ का मास्तर माझंही?" नवऱ्यानं ताटावरून विचारलं. "माझंही वाढतंय."

"तुमचं जेवणाचं आहे," बाबा म्हणाले, न हसता.

मापवही यंत्रावर उघडी होती. तेच पान, सातव्या लाल टाक्याच्या खाली बरीच कोरी जागा होती. बाबांनी कानावरची निळी पेन्सिल काढली, तारीख घातली, पोटाचं माप लिहिलं, मग फीत तिच्या मनगटाभोवती गुंडाळली. सहा इंच. तेही लिहिलं. पेन्सिल पुढच्या रकान्यावर थांबली.

"वजन?"

"सत्तावन्न," ती म्हणाली. "सिस्टरांनी केलंय गुरुवारी."

"मग बरोबरच असेल," बाबा म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं.

ती उभी होती. फीत अजून मनगटावर होती, आणि फितीखाली नाडी चालली होती. तिनं मोजली नाही. नेहमीचा श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.